गुरुवार रात्र ते शुक्रवार रात्र: चोवीस तासांचा उपास आणि प्रार्थना

ख्रिस्ती लोकांचा हा उपास शुक्रवारचा म्हणायचा, पण तो सुरू होतो गुरुवारी रात्री, ताटावरून उठल्यावर. साडेआठला हात धुतले की तिथून मोजायचं ते शुक्रवारी साडेआठपर्यंत. यात सकाळचा नाश्ता, दुपारचं जेवण आणि संध्याकाळचं चहा-खाणं गळतं. पाणी चालू राहतं. राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या उपासकाळात, म्हणजे लेंटमध्ये, असे सात शुक्रवार येतात, सातवा उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे). लेंटचे दिवस चाळीस म्हणतात, पण कॅलेंडरवर बोट ठेवून मोजलं तर शेहेचाळीस भरतात. मधले सहा रविवार मोजत नाहीत, कारण रविवार पुनरुत्थानाचा दिवस आणि त्या दिवशी उपास करायचा नसतो. नव्याने सुरू करणारे उत्साहात रविवारीही उपाशी राहतात आणि चौथ्या आठवड्यात सगळंच सोडून देतात.

मंडळीबरोबर, म्हणजे चर्चच्या सभासदांबरोबर, हा उपास वर्षानुवर्षं करताना, करवून घेताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. न जेवल्याने तीन गोष्टी हातात उरतात: जेवायला लागणारा वेळ, त्या जेवणाचं धान्य किंवा पैसा, आणि पोटातली भूक. या तिघी कुठे जाणार हे आधी ठरवलेलं नसेल, तर वेळ मोबाइलवर जातो, पैसा पाकिटातच राहतो आणि भूक घरच्यांवर निघते. मग दिवसभर उपाशी राहणं झालं, उपास झाला नाही.

तयारी सोमवारपासून करावी लागते, आणि तीही चहाची. दिवसाला चार कप पिणाऱ्याने एकदम चहा तोडला की शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं. गुरुवारी संध्याकाळी पाचला शेवटचा चहा घेतला असेल तर दुखणं नेमकं शुक्रवारी सकाळी, प्रार्थनेला बसायच्या वेळी ठणकायला लागतं. उपास-प्रार्थनेच्या सभेत याला सैतानाचा हल्ला म्हणणारे दर वर्षी एक-दोघं तरी भेटतात. तो चहा असतो. सोमवारी तीन कप, मंगळवारी दोन, बुधवारी एक, गुरुवारी अर्धा, एवढं केलं की बहुतेकांचं भागतं. ज्यांना ते जमलं नाही त्यांनी शुक्रवारी सकाळी अर्धा कप कोरा चहा घ्यावा, त्याने काही बिघडत नाही. दिवसभर रिकाम्या पोटी कोऱ्या चहावर राहू मात्र नका. दुपारपर्यंत छातीत जळजळ सुरू होते आणि मग प्रार्थनेतलं सगळं लक्ष घशाशी येणाऱ्या आंबट पाण्याकडे.

गुरुवारचं रात्रीचं जेवण नेहमीएवढंच. उद्या काही नाही म्हणून आज दोन पोळ्या जास्त, हा हिशेब पोटाला कळत नाही. ज्वारीची भाकरी, मुगाची आमटी, पालेभाजी, वाटीभर ताक पुरे. लोणचं, पापड, सुकी मासळी टाळा, रात्रभर तहान लागते. गोड तर नकोच. श्रीखंड खाऊन झोपलेला माणूस सकाळी सातलाच भुकेला उठतो.

मराठी घरात पहिला प्रश्न येतो तो हा: उपासाला काय चालतं? शेजारी एकादशीला साबुदाण्याची खिचडी, भगर, रताळ्याचा कीस चालतो, तो त्यांच्या नियमाने. ख्रिस्ती उपासात चालतं-न चालतं अशी पदार्थांची यादीच नाही, कारण इथे कुठलंही अन्न विटाळाचं नसतं. जे चांगलं आहे, देवाने दिलेलं आहे, ते काही तासांसाठी आपण होऊन बाजूला ठेवायचं असतं. म्हणून साबुदाण्याने हा उपास मोडतो की नाही हा वादच चुकीच्या जागी उभा आहे. तूप, शेंगदाणे आणि बटाटा घातलेली बशीभर खिचडी खाल्ली तर भूक लागत नाही, आणि भूकच लागली नाही तर उरलं काय?

कडक-सौम्य असे प्रकार पवित्र शास्त्रातच, म्हणजे बायबलातच आहेत. एस्तेर राणीने तीन दिवस-रात्र अन्न आणि पाणी दोन्ही सोडलं. मरणाच्या दारातला तो निर्जळी उपास नेहमीसाठी नव्हे, आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात तर मुळीच नव्हे. दानीएलाने तीन आठवडे चविष्ट अन्न, मांस आणि द्राक्षारस टाळला, पण तो जेवत होता. औषधं घेणाऱ्यांना, अंगमेहनत करणाऱ्यांना हा दानीएलाचा उपास बरा पडतो: साधी भाकरी-भाजी, डाळ, मांस-मासळी-मिठाई-चहा बंद. वसईकडच्या कॅथलिक घरांत नियम आणखी वेगळा आहे. राखेचा बुधवार आणि उत्तम शुक्रवार या दोनच दिवशी उपास बंधनकारक, तोही १८ वर्षं पूर्ण झालेल्यापासून साठावं वर्ष लागेपर्यंत. त्यात एक पूर्ण जेवण आणि दोन हलकी खाणी, ती दोन मिळूनही एका जेवणाएवढी होता कामा नयेत. मांस वर्ज्य करायचा नियम १४ वर्षांपासून. मासे त्यात येत नाहीत. मटण नाही म्हणून भरलेलं पापलेट तळलं तर नियम पाळला जातो. उपासाचं काय होतं ते ज्याने त्याने पापलेट खाताना ठरवावं.

शुक्रवारच का, तर वधस्तंभाचा वार म्हणून. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीला लिहिलेल्या ‘दिदाखे’ या लहानशा शिक्षणग्रंथात ख्रिस्ती लोकांनी सोमवारी-गुरुवारी नव्हे, तर बुधवारी आणि शुक्रवारी उपास करावा असं सांगितलं आहे. अठराव्या शतकात ऑक्सफर्डमध्ये जॉन वेस्ली आणि त्याचे सोबती याच दोन वारी दुपारी तीनपर्यंत काही खात नसत. तीन ही येशूने प्राण सोडल्याची वेळ. ज्यांना चोवीस तास जड जातात त्यांच्यासाठी हा तीनपर्यंतचा उपास उत्तम आहे, आणि पहिल्या दोन शुक्रवारी सगळ्यांनीच तिथवर थांबावं.

आता कुणी करू नये ते. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल तर जेवण गाळायचं नाही. गोळी घेऊन उपाशी राहिल्यास साखर धोकादायक खाली जाते, आणि उपासासाठी स्वतःच्या मनाने गोळी बंद केली तर उलट चढते. डॅपाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या रक्तात उपाशीपणी आम्ल साठू शकतं, तेही साखर फार न चढता, म्हणून ते लवकर लक्षात येत नाही. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, वाढती मुलं, मूत्रपिंडाचे रुग्ण, फिट येणारे, क्षयाचे उपचार चालू असलेले, खाण्याशी ज्यांचं नातं एकदा आजारापर्यंत बिघडलेलं आहे असे, या सर्वांनी अन्नाचा उपास करू नये. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. साखर तपासायचं यंत्र घरात असेल आणि आकडा ७० च्या खाली आला, किंवा यंत्र नसताना हातपाय थरथरले, घाम फुटला, बोलणं अडखळलं, तर उपास तिथेच संपला. तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं, मग जेवायचं. यात देवाचा कुठलाही शब्द मोडत नाही. ‘प्रभू सांभाळेल, औषध ठेव बाजूला’ असा सल्ला देणारा माणूस मंडळीत असतोच. तो भला असेल, पण हा विषय त्याचा नाही.

सकाळी उठल्यावर पहिलं काम मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायातलं: डोक्याला तेल, तोंड धुणं, नेहमीसारखे कपडे. उपास चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही. ऑफिसात कुणी डबा पुढे केला तर ‘आज नको’ एवढं पुरतं. ‘पोट बिघडलंय’ अशी थाप मारू नका, उपासाच्या दिवशी खोटं बोलून उपास लपवण्यात काय हशील? आग्रह झालाच तर सांगून टाकावं, आभाळ कोसळत नाही. येशूचा रोख दिखाव्यावर होता, माहिती होण्यावर नव्हता. संदेष्टा योएल तर कर्णा फुंकून सगळ्या लोकांना, म्हाताऱ्यांना आणि तान्ह्या बाळांनाही एकत्र बोलावून उपास जाहीर करायला सांगतो. मंडळीने मिळून केलेला उपास गुप्त राहत नाही, राहायची गरजही नाही.

साडेसहाला अर्धा तास प्रार्थना. हा सोपा असतो, पोट अजून काल रात्रीचंच समजतं. नेहमीच्या नाश्त्याच्या वेळी, आठ-साडेआठला, पहिली लाट येते. भूक सलग वाढत जात नाही, ती घड्याळ पाहून येते. ज्या वेळी रोज खातो त्या वेळी उसळते आणि बहुतेकांची अर्ध्या-पाऊण तासात ओसरते. हे माहीत नसलेला माणूस सकाळी नऊला विचार करतो, आत्ताच ही गत तर संध्याकाळी काय होईल? संध्याकाळी काही होत नाही. सर्वांत मोठी लाट दुपारी एकची, आणि ती उलटली की चार वाजता शरीर आश्चर्य वाटावं इतकं शांत असतं.

लाट आली की ती परतवायची नाही, तिचा उपयोग करायचा. एक ओळ ठरवून ठेवा, श्वासाबरोबर म्हणता येईल एवढी: ‘प्रभू येशू, दया कर’ किंवा ‘आमची रोजची भाकर आज आम्हांला दे’. पोटात कळ आली की ती ओळ. रोज तोंडपाठ म्हटल्या जाणाऱ्या प्रभूच्या प्रार्थनेतल्या ‘भाकर’ या शब्दाला रिकाम्या पोटी जेवढं वजन येतं तेवढं इतर वेळी येत नाही. ज्याच्या घरी आज खरंच भाकर नाही त्याच्यासाठी ती ओळ म्हणता आली तर भुकेचं सोनं झालं.

पाणी दर तासाला पेलाभर, दिवसात दोन ते अडीच लिटर. एकदम लिटरभर ढोसायचं नाही. दुपारी एका पेल्यात चिमूटभर मीठ आणि लिंबू घ्यावं. विदर्भ-मराठवाड्यात पारा चाळिशी गाठतो त्या दिवसांत तर हे न चुकता. गुडघे टेकून बराच वेळ प्रार्थना केल्यावर ताडकन उठू नका. रक्तदाब क्षणभर उतरतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. आधी टाचांवर बसा, दहा श्वास घ्या, मग खुर्चीला धरून उभे राहा.

आता दुपारचा तास. सगळा उपास या तासासाठी असतो. जेवण गाळून वाचलेली वेळ प्रार्थनेत गेली नाही तर सकाळपासून केलेलं वाया. नोकरीवर असणाऱ्यांना पाऊण तास मिळतो. रिकामी मीटिंगची खोली, गच्चीचा जिना, जवळचं चर्च, कुठेही. मोबाइल बंद करून पिशवीत. बायबल मोबाइलवर वाचायची सवय असेल तर या एका दिवसापुरतं कागदाचं घ्या, कारण संदेश वाजला की माणूस योएलातून थेट सोसायटीच्या पाण्याच्या भांडणात जातो.

नुसतं ‘प्रार्थना करा’ म्हटलं तर बहुतेकांचे शब्द सात मिनिटांत संपतात. म्हणून एक सांगाडा लागतो, आणि बायबलातल्या नहेम्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातल्या प्रार्थनेइतका चांगला सांगाडा दुसरा नाही. पाचव्यापासून अकराव्यापर्यंत, अवघी सात वचनं. यरुशलेमचा तट पडलेला आहे, वेशी जळालेल्या आहेत हे ऐकून तो बसून रडला, उपास केला आणि बोलला तो असा: आधी देव कोण आहे ते. मग पाप, आणि त्यात ‘त्यांनी’ नाही, मी आणि माझ्या बापाच्या घराण्याने. मग देवाने मोशेकडून दिलेल्या वचनाची आठवण. आणि अगदी शेवटी एकच मागणी, तीही नेमकी: आज या माणसाच्या मनात माझ्याविषयी दया येऊ दे. तो माणूस म्हणजे पारसाचा राजा आणि नहेम्या त्याचा प्यालेबरदार.

हा क्रम घेऊन तास भरायचा. पहिली दहा मिनिटं एखादं स्तोत्र, एकशे तिसरं घ्या, हळू आवाजात तीनदा. पहिल्या वाचनात शब्द कळतात, दुसऱ्यात एखादी ओळ अडकते, तिसऱ्यात तिथेच थांबायचं. नंतर वीस मिनिटं पापकबुली, समोर एक्कावन्नावं स्तोत्र उघडं ठेवून. इथे लोक घाईने ‘आमच्या सर्व पापांची क्षमा कर’ म्हणून पुढे सरकतात. तसं करू नका. या आठवड्यात कुणाशी काय बोललो, कुणाचे पैसे अडवून ठेवलेत, कामवाल्या मावशींचा पगार कितव्या तारखेला दिला, असं नावानिशी आणि तारखेनिशी यायला हवं. जे उद्या जाऊन निस्तरता येण्यासारखं आहे ते वहीत लिहून ठेवा. राहिलेल्या वेळात आधी उपकारस्तुती आणि मग मागण्या. मागण्या पाचच, त्यातही स्वतःच्या घराबाहेरच्या किमान तीन. वीस-पंचवीस नावांची यादी हजेरीसारखी वाचली जाते. पाच नावांपाशी थांबता येतं. शेवटची पाच मिनिटं काहीच बोलायचं नाही. ती सर्वांत लांब वाटतात.

मन भटकणारच. वहीचं शेवटचं पान त्यासाठी ठेवा. गॅसचा नंबर लावायचा राहिला, मुलाची फी भरायची आहे, जे आठवेल ते तिथे एका शब्दात टिपायचं आणि परत यायचं. डोक्यातून घालवायची धडपड केली तर तोच विचार पंधरा मिनिटं खातो.

अडीच-तीनला झोप येते, विशेषतः घरी असणाऱ्यांना. बसून प्रार्थना करताना पेंग आली तर उभं राहून करा, चालत करा, मोठ्याने वाचा. तरीही अनावर झाली तर वीस मिनिटं सरळ झोपा, गजर लावून.

चिडचिड हा या दिवसाचा सर्वांत जुना रोग. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठ्ठावन्नाव्या अध्यायात देवाची तक्रार हीच आहे की तुम्ही उपास करता आणि भांडता, दुष्टपणे बुक्क्या मारता, आणि त्याच दिवशी आपल्या मजुरांना राबवून घेता. उपाशी माणसाचा तोल लवकर जातो. म्हणून शुक्रवारी वादाचे विषय काढू नका, जाब विचारणाऱ्या बैठका ठेवू नका, मुलांचा अभ्यास घ्यायला बसू नका. आणि घरात कोण राबतंय ते पाहा. आमच्याकडे उपास बायका जास्त करतात, आणि त्याच मुलांसाठी, सासूबाईंसाठी अकरा वाजता फोडणी घालतात. त्यांचं जेवण गळतं, पण जेवणाचा वेळ काही सुटत नाही. ज्या तासाला नवरा चर्चमध्ये गुडघे टेकतो त्या तासाला त्या पोळ्या लाटत असतात. यावर उपाय आध्यात्मिक नाही. गुरुवारी रात्रीच दुसऱ्या दिवसाची भाजी-डाळ करून ठेवायची, शुक्रवारी दुपारी मुलांना साधी मुगाची खिचडी, आणि कुकर लावायचं काम घरातल्या पुरुषाचं. ज्या घरांत हे ठरलं त्या घरांत उपास टिकला.

संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ मंडळीची उपास-प्रार्थना. यात काय बिघडतं ते आधी सांगतो, कारण दर ठिकाणी तेच बिघडतं. दोन तासांतला सव्वा तास गाणी आणि संदेश खातात, पंधरा मिनिटं सूचना, आणि प्रार्थनेला उरतो शेवटचा अर्धा तास, तोही पाळकसाहेब माइकवर एकटेच करतात. बाकीचे आमेन म्हणतात. याला उपासना म्हणा, उपास-प्रार्थना नव्हे. घड्याळ लावून वाटणी करा: वीस मिनिटं गीतं, वीस मिनिटं वचन, पुढचा तासभर नुसती प्रार्थना, उरलेला वेळ शांतता आणि आशीर्वाद. वचन सांगणाऱ्याला वीसचा आकडा आधीच लिहून द्यावा लागतो. तासभराच्या प्रार्थनेत तिघा-तिघांचे गट पाडा, प्रत्येकाने दीड-दोन मिनिटंच बोलायचं, मग विषय बदलायचा. माइक बंद. मोठ्या आवाजाचे दोघं-तिघं एकाच गटात बसवले तर इतरांना वाव मिळतो.

प्रार्थनेच्या विनंत्या चिठ्ठीवर लिहून घ्या, तोंडी नको. तोंडी विनंती सांगताना ‘अमक्यांच्या घरासाठी प्रार्थना करा, तुम्हांला ठाऊकच आहे’ अशी सुरुवात होते आणि रविवारपर्यंत ती गोष्ट सगळ्या वाडीत पोचलेली असते.

लेंटमध्ये एखादा शुक्रवार साखळी प्रार्थनेचा ठेवतात. चोवीस तासांचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे अठ्ठेचाळीस भाग, प्रत्येक भागात दोन माणसं. एक ठेवला की तो झोपला तर साखळी तुटते. पहाटे दोन ते चारच्या जागा सर्वांत शेवटी भरतात. त्या आधी भरा, तरुणांना द्या, आणि चर्चमध्ये येण्याऐवजी घरून करायची मुभा द्या. या साखळीची सर्वांत नावाजलेली कडी जर्मनीतल्या हर्नहूटची. २७ ऑगस्ट १७२७ रोजी तिथल्या मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळीत चोवीस पुरुष आणि चोवीस स्त्रियांनी एकेक तास वाटून घेतला, आणि ती प्रार्थना शंभराहून अधिक वर्षं चालू राहिली. आपल्याकडे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे आत्मिक संजीवन झालं त्याच्याही आधी पंडिता रमाबाईंनी मुलींचे प्रार्थनेचे गट बांधले होते. दोन्हीकडे वेळ वाटून दिलेली होती आणि माणसं नेमलेली होती.

उत्तम शुक्रवारचं मात्र वेगळं. त्या दिवशी आमच्या मराठी मंडळ्यांत भक्ती दुपारी बारा ते तीन, वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर. भर उन्हात, गच्च भरलेल्या चर्चमध्ये, सकाळपासून काही न खाल्लेली माणसं तीन तास बसतात. दर वर्षी कुणीतरी घेरी येऊन पडतं. पंख्याखालच्या रांगा म्हाताऱ्यांसाठी राखा, उद्गारांमधल्या गीतांना उभं राहणं ऐच्छिक करा, मागे पिण्याच्या पाण्याचा हंडा ठेवा आणि तीन वाजता दारात मीठ-साखर-लिंबाचं सरबत.

राहिला पैसा. दुसऱ्या शतकात रोमच्या मंडळीतल्या हर्मासने ‘मेंढपाळ’ या पुस्तकात लिहून ठेवलंय की उपासाच्या दिवशी भाकर आणि पाण्याशिवाय काही घेऊ नये, जे खाल्लं असतं त्याची किंमत काढावी आणि ती विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला द्यावी. एवढं साधं गणित, पण ‘जमेल तसं देऊ’ म्हटलं की ते जमत नाही. गुरुवारी रात्रीच डब्यात टाकायचं, उपास करण्याआधी. माणशी दिवसाचे ८० रुपये धरले तर दोन मोठ्यांचे सात शुक्रवारांचे ११२० रुपये होतात. रोख नको असेल तर धान्य. मिझोराममध्ये ख्रिस्ती बायका १९१० पासून प्रत्येक वेळचा भात शिजवताना मूठभर तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढत आल्या आहेत, त्याला तिकडे ‘बुहफाय थम’ म्हणतात. मराठी माणसाला मुष्टिफंड नवा नाही. डबा स्वयंपाकघरातच ठेवा, देवघरातल्या वस्तूसारखा शोकेसमध्ये नको. आणि तो कुणाला जाणार ते पहिल्याच शुक्रवारी ठरवा, नाहीतर ईस्टरच्या खरेदीत तो उघडला जातो.

एक प्रश्न हटकून विचारला जातो: मागितलं ते मिळेपर्यंत उपास करायचा का? हा प्रश्न नवसाच्या सवयीतून येतो. दावीद राजाने आजारी लेकरासाठी जमिनीवर पडून उपास केला, सातव्या दिवशी लेकरू गेलं. तेव्हा तो उठला, अंघोळ केली, तेल लावलं, कपडे बदलले, परमेश्वराच्या घरात जाऊन भजन केलं, आणि त्यानंतर घरी येऊन जेवला. नोकरी लागेपर्यंत, मूल होईपर्यंत असे मुदतबंद उपास घेतलेली माणसं उत्तर आलं नाही की स्वतःलाच दोष देतात, माझा विश्वास कमी पडला म्हणतात. मार्काच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायातलं, भूत काढण्याविषयीचं ‘प्रार्थना आणि उपास यांवाचून हे निघत नाही’ हे वचन त्यांना कुणीतरी ऐकवलेलं असतं. काही महत्त्वाच्या प्राचीन हस्तलिखितांत तिथे ‘उपास’ हा शब्दच नाही, हे सहसा सांगितलं जात नाही. आम्ही उपासाला मुदत घालतो ती तासांची, उत्तराची नाही.

साडेआठला सोडताना आधी एक पेला कोमट पाणी. मग वाटीभर तांदळाची पेज किंवा मुगाचं कढण, चवीपुरतं मीठ घालून, बसून, हळू. पंधरा-वीस मिनिटं थांबा. नंतर मऊ भात, साधं वरण, चमचाभर तूप, नेहमीच्या निम्मं. दही-ताक चालेल. मिसळ, वडे, भजी, लिंबूवर्गीय फळं, कडक चहा या वेळी नको. रिकाम्या पोटात तिखट-तेलकट पडलं की रात्रभर जागरण. मंडळीची सभा संपल्यावर चर्चच्या अंगणात चिकन बिर्याणीची पातेली उघडायची पद्धत काही ठिकाणी पडली आहे. प्रेम कळतं, पण शेवटच्या अर्ध्या तासात वास आत येतो आणि प्रार्थना पातेल्याभोवती फिरते. द्यायचंच असेल तर पेज द्या.

चोवीस तासांचा उपास दोन वर्षं नीट झाल्याशिवाय तीन दिवसांच्या वाटेला जाऊ नका. पहिल्या दिवसाच्या शेवटी यकृतातली साठवलेली साखर संपत येते, मग शरीर चरबी जाळायला लागतं, तोंडाला वेगळाच वास येतो, थंडी वाजते, पाय गळतात. तीन दिवसांनंतर सोडायलाही दीड-दोन दिवस लागतात: पेज, मग मऊ भात, मग भाकरी. पाच दिवसांपुढचा उपास डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय अजिबात नाही. इतके दिवस रिकाम्या राहिलेल्या शरीरात एकदम भरपूर अन्न गेलं तर रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. माणसं उपाशीपणी सावरतात आणि जेवल्यावर जातात. मोशे, एलीया आणि येशू यांचे चाळीस दिवस हे वेळापत्रक म्हणून लिहिलेले नाहीत.

मध्येच मोडला तर? घरी पाहुणे आले, पाय लटपटले, किंवा नुसता मोह झाला आणि तीनला बिस्किटाचा पुडा फोडला. उरलेल्या दिवसाची प्रार्थना ठरल्या वेळी करायची, डब्यातले पैसे परत काढायचे नाहीत. शनिवारी दुपटीने भरपाई करायला जाऊ नका.

शनिवारी सकाळी वही उघडून काल ‘निस्तरायचं’ म्हणून लिहिलेलं वाचा आणि त्यातलं एक तरी त्याच दिवशी करा: फोन, पगार, माफी. आणि चहा चार कपांवर लगेच नेऊ नका, एकावरच राहू द्या. पुढचा शुक्रवार सहा दिवसांवर आहे.